मोर्शीची वाट आणि ‘ॲव्हरेज’चा आकडा

मोर्शीकडच्या माणसाला कोणतीही वस्तू दाखवा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “देते किती?” संत्र्याचे झाड दिसले की देते किती, म्हैस दिसली की देते किती, नवी विहीर दिसली की देते किती. यात हावरेपणा नाही बरे का! सातपुड्याच्या पायथ्याशी संत्री लावणाऱ्या माणसाला पाच-पाच वर्षे झाडाची उस्तवार करावी लागते, तेव्हा कुठे हाती लागण्याजोगे फळ येते. इतके थांबणाऱ्याने हिशेब विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

साहजिकच दारात मोटार उभी राहिली की तिलाही हाच प्रश्न. फक्त तिच्या बाबतीत त्याला एक इंग्रजी नाव आहे : ‘ॲव्हरेज’. शाळेतली सरासरी गुणांची असते, क्रिकेटमधली धावांची असते; पण वऱ्हाडात, आणि खरे म्हणजे साऱ्या महाराष्ट्रात, नुसते ‘ॲव्हरेज’ म्हटले की लिटरमागे गाडी किती किलोमीटर जाते, एवढेच समजायचे.

पूर्वी हे उत्तर काढायला थोडी खटपट पडे. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा खिशातल्या वहीत टिपायचा, पुढच्या वेळी पुन्हा टाकी काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. आता तो भागाकार गाडी आपला आपणच करते. तोही चालता चालता, क्षणोक्षणी, थेट चालवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे. या सोयीबद्दलच मला चार गोष्टी सांगायच्या आहेत. निमित्त आहे मोर्शीच्या एका प्रवासाचे.

बहीण मोर्शीला दिली आहे. दिवाळीच्या तोंडावर भाचा मला अमरावतीहून आपल्या नव्या गाडीतून घेऊन निघाला. अमरावतीहून मोर्शी ईशान्येला, पंचावन्न-साठ किलोमीटर. हा रस्ता या दिवसांत पाहावा! माहुली जहागीर मागे पडले की दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो, सोयाबीन निघून गेलेल्या वावरांत हरभऱ्याची तयारी चाललेली असते, तुरी वाऱ्यावर डोलत असतात. मग हळूहळू संत्र्यांचे बगीचे सुरू होतात. आंबिया बहाराचे फळ याच सुमाराला रंगावर येते. फांद्यांना भार सोसवत नाही, म्हणून खाली बांबूंचे टेके दिलेले असतात आणि हिरव्या काळोखात पिवळे दिवे लागावेत तशी फळे लटकलेली असतात. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते.

याच वाटेवर डाव्या हाताला रिद्धपूरकडे रस्ता फुटतो. महानुभावांचे ते मोठे स्थान. गोविंदप्रभू तेथे नांदले आणि तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते तेथेच. मराठी गद्याचे माहेर म्हणावे असे हे गाव. मराठी भाषा विद्यापीठासाठीही सरकारने अलीकडे तेच निवडले. “रिद्धपूरला क्षणभर उतरू,” असे मी भाच्याला निघतानाच सांगून ठेवले होते.

“हो मामाजी,” तो म्हणाला आणि त्याने गाडीपुढचे एक बटण दाबून आकडा शून्यावर आणला.

हा आकडा म्हणजे काय, हे त्यानेच मला मोठ्या हौसेने समजावून सांगितले. सुकाणूच्या चक्रामागे जिथे वेगाचा काटा असतो, त्याच्या शेजारी एक लहानसा पडदा होता. पडद्यावर वरती एक आडवा पट्टा. तो क्षणाक्षणाला लांबतो नि आखडतो : या घटकेला गाडी काय देते, ते सांगतो. खाली एक आकडा : शून्य केल्यापासून आतापर्यंतची सरासरी. जपून चालवले तर कोपऱ्यात हिरवे पान उमटते. यामागे जादू काही नाही. इंजिनात पेट्रोल सोडणारी तोटी प्रत्येक वेळी किती क्षण उघडी राहिली, ते गाडीतल्या गणकयंत्राला ठाऊक असते, आणि चाके किती फिरली तेही ठाऊक असते. एकाला दुसऱ्याने भागले की झाले.

मौज अशी की हा पट्टा फार चंचल. पाय थोडा दाबला की तो आखडतो, चढ आला की मुटकुळे करून बसतो, पाय उचलला की धावत दुसऱ्या टोकाला जातो. चालत्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय पूर्ण उचलला, तर आजच्या इंजिनांत पेट्रोल जवळजवळ बंदच होते. मग भागायला खाली काही उरत नाही आणि पट्टा अगदी शेवटपर्यंत जाऊन उभा राहतो. कुत्र्याच्या पिलासारखा हा प्रकार. हालतो म्हणून बघावासा वाटतो, आणि बघितला की आणखी हालतो.

माहुलीपर्यंत भाचा माझ्याशी गप्पा मारत होता. पुढे त्याची उत्तरे तुटक होऊ लागली. “एकवीस झाले,” तो मध्येच म्हणे. मी बहिणीच्या गुडघ्यांची चौकशी केली तर म्हणाला, “एकवीस पूर्णांक चार.” त्याच्या कचेरीतल्या मित्रांची म्हणे एक मंडळी आहे; कोणी चांगला आकडा गाठला की पडद्याचा फोटो काढून सगळ्यांना मोबाइलवर पाठवायचा. एका मित्राने आदल्या आठवड्यात बावीस गाठले होते.

रिद्धपूरचा फाटा कधी गेला, ते त्याच्या ध्यानात आलेच नाही. चांगले सात-आठ किलोमीटर पुढे आल्यावर मी विचारले, तेव्हा तो चपापला. “परत वळू या का?” मी म्हटले. “परत वळलो तर ॲव्हरेज बिघडेल, मामाजी. येताना जाऊ.” सातशे वर्षे थांबलेले गाव आणखी दोन दिवस थांबेल, अशी मी मनाची समजूत घातली.

मग तो प्रसंग घडला. मोर्शी जवळ आली होती. दिवस मावळून गेला होता, पण दिव्यांचा उजेड रस्त्यावर नीट पडावा इतका अंधार अजून नव्हता. ही वेळ सगळ्यांत फसवी. पडद्यावर २१.९ होते आणि भाचा २२ ची वाट पाहत होता. त्याची नजर वर जाई, खाली येई, वर जाई, खाली येई. तेवढ्यात मला पुढे एक काळा चौकोन दिसला. संत्र्यांनी भरलेले कॅरेट लादलेली ट्रॉली, चाक बसले म्हणून अर्धी रस्त्यावर उभी. मागे लाल दिवा नाही, काही नाही. “अरे, ट्रॉली!” मी ओरडलो. त्याने ब्रेकवर अक्षरशः उभे राहून गाडी थांबवली. ट्रॉली आणि आम्ही यांत दोन हातांचे अंतर राहिले असेल.

आणि त्या ट्रॉलीच्या सावलीत, रस्त्याच्या कडेला, दिवसभर फळे तोडून दमलेल्या तीन-चार बाया बसल्या होत्या. मांडीवर एक मूल झोपले होते. त्यांतली एक म्हातारी उठून खिडकीशी आली. ती रागावली नाही, ओरडली नाही. नुसते म्हणाली,

“कुठं पाहून रायला होता रे, बाबू?”

भाच्याजवळ उत्तर नव्हते. काय सांगणार? मोबाइलवर बोलत होतो, असे असते तर निदान लोकांना समजले असते. गाडी किती देते ते पाहत होतो, हे सांगायची सोय नव्हती. एक गोष्ट मात्र मी सांगून ठेवतो. त्याने पाय उचलून ब्रेक मारला, तेव्हा पडद्यावरचा तो पट्टा शेवटच्या टोकाला जाऊन पोचला होता. यंत्राच्या हिशेबी त्या घटकेला आमची गाडी उत्तम चालली होती. पेट्रोलचा एक थेंब जळत नव्हता ना!

आम्ही खाली उतरलो. ट्रॉलीमागे आमच्या गाडीचे दिवे लुकलुकते ठेवून उभे राहिलो. ट्रॅक्टरवाल्याने चाक बदलले, बाया चढल्या, मगच निघालो. उरलेल्या वाटेत भाचा एक शब्द बोलला नाही.

मोर्शीला घरी पोचल्यावर रात्री ओसरीवर बैठक जमली. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आले होते. एसटीच्या मोर्शी आगारात त्यांनी तीस वर्षे गाडी चालवली होती. वाचकांना ठाऊकच आहे, १९४८ सालच्या १ जूनला पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या गावाकडच्या वाटा या लाल गाडीने बांधून ठेवल्या. पण एसटीत डिझेलचा हिशेब किती बारकाईने ठेवतात, ते मला त्या रात्री कळले. तेथे ‘केपीटीएल’ म्हणून एक शब्द आहे. दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली, तो आकडा. चालक गाडी घेऊन आगारात परत आला की टाकी भरायची, किती डिझेल लागले ते पाहायचे, किती किलोमीटर झाले ते पाहायचे आणि त्या चालकाच्या नावावर मांडायचे. ज्याचा आकडा घसरला त्याला बोलावून समज द्यायची, शिकवायचे. पेट्रोल कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था १९७८ पासून हेच शिकवण्याचे काम देशभर करीत आली आहे.

“म्हणजे तुम्हांलाही आकडाच होता की!” भाचा जरा उसळून म्हणाला.

“होता ना,” म्हातारबुवा म्हणाले. “पन तो डेपोत होता. गाडीत नवता.”

मग त्यांनी जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. “पाय बाबू, डिझल काट्याकडं पाहून वाचत नसते. रस्त्याकडं पाहून वाचते. समोर दोन फर्लांगावर बैलबंडी दिसली का म्या पाय उचलो. गाडी आपल्या अंगानं हळू व्हाये. बंडी बाजूले होये, मी निघून जाओ. बिरेक लावाचं कामच नाई पडे. बिरेक लावला म्हंजे जाळलेलं डिझल मातीत गेलं. अन् दुरून पाह्याले डोये रस्त्यावर पाह्यजेत.”

विचार करून पाहा, यात सारे शास्त्र आले. गाडीला वेग आणायला इंधन लागते. ब्रेक त्या वेगाची नुसती उष्णता करून टाकतो. ज्याला पुढचे लवकर दिसते, त्याला ब्रेक कमी लागतो. ज्याला ब्रेक कमी लागतो, त्याचे इंधन वाचते. म्हणजे बचत आहे ती लांब नजरेत. आणि हा पडदा नेमकी तीच नजर रस्त्यावरून उचलून हातभर अंतरावर आणून बसवतो. ज्या गुणाचे मोजमाप करायचे, तोच गुण मोजता मोजता घालवायचा! इंजिनाचा ताण तर कानालाही कळतो. म्हातारबुवा म्हणाले, गिअर कधी बदलायचा हे त्यांना इंजिन सांगे. त्यासाठी खाली पाहावे लागत नसे.

हिशेबच करायचा तर पुरता करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक जाते. दोन सेकंद नजर खाली गेली की तेहतीस मीटर रस्ता आंधळेपणाने कापला. क्रिकेटच्या खेळपट्टीचे दीडपटीहून अधिक अंतर झाले हे. अमेरिकेत शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून वर्षभर चालकांवर नजर ठेवली होती. त्याचा २००६ साली निघालेला निष्कर्ष असा, की नजर दोन सेकंदांहून अधिक काळ रस्त्यावरून हटली तर अपघाताचा किंवा थोडक्यात चुकलेल्या अपघाताचा धोका निदान दुप्पट होतो. तेथील सरकारने २०१३ साली मोटार कारखानदारांसाठी जे मार्गदर्शन काढले, त्यातही एका नजरेला दोन सेकंद हीच मर्यादा सुचवली.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. अमरावती ते मोर्शी साठ किलोमीटर धरा. लिटरला वीस देणारी गाडी तीन लिटर पेट्रोल पिईल. भाच्याने जिवाचे रान करून बावीस गाठले असते, तर पाव लिटराहून थोडे अधिक वाचले असते. लिटरचा भाव शंभर रुपये धरला तर सत्तावीस रुपये. सत्तावीस रुपये! मी त्या झोपलेल्या मुलाचा विचार केला आणि हा भागाकार पुढे केला नाही.

आकडाच वाईट, असे माझे म्हणणे नाही. १९९७ साली जपानात टोयोटाची प्रियस ही पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी गाडी निघाली, तेव्हापासून असे पडदे घरोघरच्या गाड्यांत येत गेले. त्यांनी पुष्कळांना पाय हलका ठेवायला शिकवले, हे कबूल केले पाहिजे. परंतु शिकवणीचा खेळ व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेत तर या खेळाला ‘हायपरमायलिंग’ असे नाव पडले आणि २००८ साली तेथील एका ऑक्सफर्ड कोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. वाऱ्याचा विरोध चुकवण्यासाठी भल्या मोठ्या ट्रकच्या शेपटीला चिकटून गाडी चालवणारे महाभाग त्यात होते! आपल्याकडे उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे आहेतच. त्यांना कोणी सांगावे, की आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरले तर पेट्रोल जवळजवळ बंद होते, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. आणि इंजिनाचा धरून ठेवण्याचा आधार जातो तो निराळाच.

काही कारखानदारांनी यावर विचार केलेला दिसतो. होंडाच्या २००९ च्या ‘इनसाइट’ गाडीत वेगाच्या आकड्यामागचा रंगच बदलत असे : जपून चालवले की हिरवा, दामटले की निळा. रंग डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतो, आकडा मात्र वाचावा लागतो. हा फरक लहान नाही. आणि आता विजेच्या गाड्या आल्या आहेत. त्यांत आणखी किती किलोमीटर जाता येईल याचा आकडा पुढे असतो. तो उतरू लागला की माणसाचा जीवही उतरू लागतो. कायद्याचे म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात मोबाइल धरून वापरणे धोकादायक चालवण्यात जमा केले. ते योग्यच झाले. पण गाडीतच जडवलेल्या या पडद्याकडे किती पाहावे, ते चालवणाऱ्यानेच ठरवायचे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाटव्यांच्या बगीच्यात तोडणी चालली होती. मी सहज पाहत उभा राहिलो. घोडीवर चढलेला गडी दोन्ही हातांनी फळे काढत होता. नजर फांदीवर, पाय पायरीवर. मोजणारा खाली बसला होता. “वर चढलेल्यानं मोजाले घेतलं का एक तर फळ पडते, नाई तर तो पडते,” भाटवे हसत म्हणाले. भाचा शेजारीच उभा होता. त्याला कोणी काही म्हटले नाही, आणि गरजही नव्हती.

दुपारी त्याने आम्हां सर्वांना सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरणावर नेले. वर्धा नदीवरचे हे तेरा दरवाजांचे धरण. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे सुरेख नाव आहे आणि अमरावती शहर याचेच पाणी पिते. गाडीत बसल्यावर मी पाहिले तर पडद्यावर आता नुसते घड्याळ होते. बहीण मागे बसून बोलत होती, भाचा उत्तरे देत होता, आणि वाटेत गुरांचा कळप आला तेव्हा त्याने तो आमच्याही आधी पाहून पाय उचलला. ब्रेक लागला नाही. परतीच्या वाटेवर रिद्धपूरचा फाटाही त्यालाच दिसला. तासभर आम्ही त्या गावात हिंडलो. अमरावतीला पोचल्यावर त्याने पेट्रोलपंपावर टाकी काठोकाठ भरली आणि उभ्या गाडीत कागदावर भागाकार केला. किती आले ते मी विचारले नाही.

दसरा-दिवाळीला आपल्याकडे पुष्कळ घरांत नवी गाडी येते. झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू ठेवतात, पेढे वाटतात. यंदा कोणी घेणार असेल त्याला एवढेच सांगणे. गाडी ताब्यात घेताना दुकानातला माणूस त्या पडद्याची सारी करामत दाखवील. ती हौसेने पाहा. मग त्याला विचारा, की हा आकडा समोरून काढून त्या जागी घड्याळ कसे आणायचे. पुष्कळ गाड्यांत ते एका बटणाचे काम असते. डब्यात एक लहानशी वही ठेवा आणि ॲव्हरेजचा हिशेब पंपावर, इंजिन बंद करून करा. वेगही बेताचा ठेवा : ताशी ४५ ते ५५ किलोमीटरांत इंधन सर्वांत चांगले वाचते, असे ती इंधनबचतीची संस्थाच सांगत आली आहे. आणि संध्याकाळी संत्र्यांच्या मुलखातून जाणार असाल तर पुढच्या काळोखाकडे नीट पाहत चला. ट्रॉलीला मागे दिवा असेलच, असे नाही.